मूत्राशयाचे जुनाट दुखणे : घरगुती उपचार व पथ्य

दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला ज्या ठिकाणी छेदतो, तेथे कुरकुंभ हे गाव वसले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख असल्यामुळे पाऊस बेताचा, ऊन कडक व वारा कोरडा. चैत्र-वैशाखात उष्णतामान ४० अंश सेल्सिअसच्या वर चढते. कांद्याच्या काढणीस अथवा उसाच्या खुरपणीस सकाळी गेलेली माणसे दुपारपर्यंत जेमतेम दोन-तीन पेले पाणी पितात. अशा वेळी लघवी थोडी व गडद पिवळी होते आणि ती करताना आग होते. ह्यास आपल्याकडे 'उन्हाळी लागणे' असे म्हणतात. भीमेच्या अलीकडील दौंड तालुक्यात काय आणि पलीकडील शिरूर तालुक्यात काय, ही तक्रार इतकी परिचयाची आहे की तिच्यासाठी सहसा कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, लिंबाचे सरबत अगर ताक घेतले आणि एक दिवस सावलीत विसावा घेतला, की बहुधा बरे वाटते.

परंतु काही जणांचे, विशेषतः स्त्रियांचे, दुखणे असे दोन दिवसांत जात नाही. ओटीपोटात ठसठस राहते. मूत्राशय भरत जाईल तसतशी ती वाढते, लघवी झाली म्हणजे थोडी उतरते आणि घटकाभराने पुन्हा सुरू होते. निरोगी माणसास दिवसातून सहा ते आठ वेळा व रात्री फार तर एकदा लघवीस जावे लागते. ह्या रुग्णांस दिवसातून पंधरा-वीस वेळा व रात्री चार-पाच वेळा उठावे लागते. झोप मोडते, कामावर चित्त लागत नाही, एस. टी.च्या प्रवासाची धास्ती वाटू लागते. आठवडे जातात, महिने जातात, काहींची वर्षेही जातात. घरची मंडळी 'उन्हाळीच आहे' असे म्हणून तेच लिंबाचे सरबत अधिक प्रमाणात देतात, आणि दुखणे कमी होण्याऐवजी बळावते.

येथेच चूक होते. उन्हाळी व मूत्राशयाचे जुनाट दुखणे ही एक नव्हेत. पहिल्यास जे औषध, ते दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते. दोहोंतील भेद कसा ओळखावा, जुनाट दुखण्यात घरच्या घरी काय करता येते व घरगुती उपचारांवर कोठवर विसंबावे, ह्याविषयीची माहिती येथे दिली आहे.

प्रथम लघवीची तपासणी

कोणताही काढा सुरू करण्यापूर्वी लघवी तपासून घेणे अत्यंत जरूर आहे. जंतुसंसर्ग, मुतखडा, मधुमेह, पुरुषांत उतारवयात वाढणारी प्रोस्टेट ग्रंथी, मूत्रमार्गाचा क्षयरोग व मूत्राशयाचा कर्करोग ह्या सर्वांत जळजळ व वारंवार लघवी ही लक्षणे आढळतात. ह्यांपैकी एकही विकार धन्याच्या पाण्याने बरा होणारा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची साधी तपासणी होते. लघवीत कोणते जंतू वाढतात व त्यांवर कोणते औषध लागू पडते, हे पाहण्याची संवर्धन तपासणी मोठ्या रुग्णालयात होते. त्यासाठी स्वच्छ धुतलेल्या अवयवातून मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत धरावी लागते. घरातील लोणच्याची बाटली धुऊन तीत नेलेली लघवी ह्या तपासणीस निरुपयोगी असते.

जंतुसंसर्ग आढळल्यास डॉक्टरांनी सांगितलेले औषध सांगितले तितके दिवस पूर्ण घ्यावे. दोन गोळ्यांनी आग थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी फडताळात ठेवून देण्याची पद्धत फार वाईट आहे. त्यामुळे उरलेले जंतू औषधास दाद देईनासे होतात. ह्याच्या उलट, तपासणीत जंतू मुळीच नसताना दर महिन्यास दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून घेणारे रुग्णही पुष्कळ आढळतात. जेथे जंतूच नाहीत तेथे ह्या गोळ्यांनी दुखणे जाण्याचे कारण नाही. पोट मात्र बिघडते.

क्षयरोगाविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. क्षय हा केवळ फुप्फुसांचा रोग अशी समजूत असल्यामुळे खोकला नसलेल्या माणसास त्याची शंका येत नाही. मूत्रपिंडातून तो मूत्राशयात उतरतो, मूत्राशयाच्या भिंती आकसतात व त्यात जेमतेम पेलाभर लघवी मावते. लघवीत पू दिसतो, परंतु नेहमीच्या संवर्धन तपासणीत जंतू वाढत नाहीत, ही ह्याची खूण होय. अशा रुग्णाने क्षयरोगासाठीची लघवीची वेगळी तपासणी मागून घ्यावी. निदान झाल्यास शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमात औषधे विनामूल्य मिळतात. उशीर झाल्यास मात्र आकसलेले मूत्राशय औषधाने पूर्ववत होत नाही.

कारण न शोधता उपचार करीत राहिल्याने काय होते, ह्याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील गिमवी गावी लघवीतून रक्त जाण्याचा विकार आढळत असे. हे दुखणे अंगच्या उष्णतेचे नसून पाण्यातील गोगलगायींच्या द्वारे शरीरात शिरणाऱ्या व मूत्राशयाच्या शिरांत घर करणाऱ्या कृमींचे आहे, असे गाडगीळ व शाह ह्या संशोधकांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. अशा ठिकाणी वाळ्याचे सरबत कितीही पाजले तरी रोग्यास गुण कोठून येणार? कुरकुंभच्या बाजूस तो कृमी नाही. परंतु आधी कारण शोधावे, मग उपचार करावा, हा धडा मात्र येथेही तितकाच लागू आहे.

पुढील लक्षणे दिसल्यास घरी एक दिवसही थांबू नये. लघवीतून रक्त जाणे, मग ते न दुखता जात असले तरीही, थंडी वाजून ताप येणे, बरगड्यांखाली पाठीत कळ मारणे, लघवी अजिबात तुंबणे, उलट्या होणे. गरोदर स्त्री, लहान मूल व मधुमेही ह्यांची साधी जळजळदेखील डॉक्टरांस दाखवावी. न दुखता रक्त जाते ते पुष्कळ लोक दुर्लक्षितात, कारण त्रास काही होत नाही. प्रत्यक्षात मूत्राशयाच्या कर्करोगाची ती पहिली सूचना असू शकते. विडी, तंबाखू व मिश्री ह्यांचे व्यसन असलेल्यांनी ह्याबाबत विशेष सावध असावे. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. रंगद्रव्ये बनविण्याच्या कामी लागणाऱ्या काही रसायनांचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असतो, हे लुडविग रेन ह्या जर्मन शल्यवैद्याने १८९५ सालीच निदर्शनास आणले होते. यास्तव कारखान्यात काम करणाऱ्याने आपण कोणती रसायने हाताळतो हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

जंतू नाहीत, खडा नाही, तरी दुखते

सर्व तपासण्या निर्दोष येतात आणि दुखणे तर चालूच राहते, असे रुग्ण सर्वांत जास्त हाल सोसतात. 'तुम्हांला काही झालेले नाही' असे त्यांस सांगण्यात येते. घरात त्यांच्याकडे कामचुकार म्हणून पाहिले जाते. वस्तुतः हा एक खरा विकार आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर गाय हनर ह्यांनी १९१५ मध्ये अशा रुग्णांच्या मूत्राशयात आढळणाऱ्या व्रणांचे वर्णन केले. पुढे असेही दिसून आले की, अनेक रुग्णांत व्रण नसतात, तरीही दुखणे तेच असते. सहा आठवड्यांहून अधिक काळ मूत्राशयाच्या जागी वेदना अथवा दाब राहतो, वारंवार लघवी होते व दुसरे कोणतेही कारण सापडत नाही, तेव्हा हे निदान करतात.

मूत्राशयाच्या आतील बाजूस एक चिकट, संरक्षक थर असतो. हा थर विरळ झाल्यास लघवीतील क्षार व आम्ल पदार्थ आतील त्वचेस झोंबतात, जसे सोललेल्या बोटास ठेच्याची मिरची झोंबावी. त्याचबरोबर तेथील मज्जातंतू हळवे होतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून राहतात व त्या आखडण्यामुळे वेदना आणखी वाढतात. ह्या विकारास एका दिवसात नाहीसे करणारे औषध नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. परंतु पथ्य, सवयी व शेक ह्यांनी पुष्कळांचे दुखणे सुसह्य होते. वैद्यकशास्त्रातही पहिली पायरी म्हणून हेच उपाय सांगितले जातात.

पथ्य कसे ठरवावे

ह्या विकारात सर्वांना एकच पथ्य लागू पडत नाही. एकीस टोमॅटो बाधतो तर दुसरीस तो चालतो, चहाने मात्र ती रात्रभर जागते. यास्तव शेजारणीचे पथ्य उचलू नये. आपले आपण शोधून काढावे. त्याची रीत सोपी आहे.

प्रथम तीन दिवस नेहमीप्रमाणे खावे-प्यावे व एका कागदावर नोंद ठेवावी. किती वाजता लघवीस गेलो, लघवी किती झाली, काय खाल्ले-प्याले, दुखणे किती होते, एवढेच लिहावे. लघवी मोजण्यास पाण्याची जुनी प्लॅस्टिकची बाटली वरून कापून तीवर अर्धा पाव लिटरच्या खुणा कराव्यात. दुखणे सोळा आण्यांपैकी किती आणे, असे विचारले म्हणजे वयस्क माणसे अचूक सांगतात. अक्षरओळख नसलेल्या बाईची नोंद घरातील शाळकरी मुलाने लिहावी.

नंतर तीन-चार आठवडे, बहुतेकांस बाधणारे पदार्थ एकदम बंद करावेत. त्यांत चहा व कॉफी अग्रभागी येतात. शेतकरी कुटुंबात दिवसाकाठी चार-पाच कप चहा सहज होतो; कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याचा त्याहून अधिक होतो. चहा एकाएकी सोडल्यास डोके दुखते, म्हणून आठवडाभरात एकेक कप कमी करीत आणावा. दुसरा वर्ग आंबट पदार्थांचा : लिंबू, चिंच, आमसूल, कैरी, आवळा, टोमॅटो, आंबट दही-ताक. तिसरा तिखटाचा : हिरव्या मिरचीचा ठेचा, लाल तिखटाचा झणझणीत रस्सा व लोणचे. ह्यांशिवाय बाटलीतील फसफसणारी पेये, दारू, गुटखा व तंबाखू. मिश्री ही तंबाखूच आहे, हे स्त्रियांस निक्षून सांगावे; कित्येकींना ती दंतमंजन वाटते.

मग खावे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. आपल्या भागातील नित्याच्या आहारातील बराचसा भाग निर्धोक आहे. ज्वारीची व बाजरीची भाकरी, भात, मुगाचे वरण, दूध, तूप, दुधी भोपळा, दोडका, घोसाळे, पडवळ, गाजर, काकडी, कलिंगड हे पदार्थ सहसा बाधत नाहीत. ताजे, गोड ताक बहुतेकांस चालते. आमटीत चिंचेचा कोळ न घालता जिरे, धने, ओले खोबरे व कोथिंबीर ह्यांनी रुची आणता येते. भाकरीबरोबर ठेचा हवाच असे वाटणाऱ्यांनी शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची अगर कारळ्याची चटणी नावापुरते तिखट घालून करावी. कारळ्याच्या चटणीने ठेच्याची आठवण फारशी राहत नाही, असा अनुभव आहे. रसवंतीवर उसाचा रस घेताना त्यात लिंबू पिळू देऊ नये. मधुमेह्याने तो रस घेऊच नये.

दुखणे कमी झाल्यास बंद केलेले पदार्थ पुन्हा एकेक करून चाखून पाहावेत. एका वेळी एकच पदार्थ, तोही थोडा, आणि पुढचा पदार्थ घेण्यापूर्वी तीन दिवस थांबावे. दुखणे उसळले तर तो पदार्थ आपला शत्रू समजावा. नाही उसळले तर तो निःशंकपणे खावा. हा टप्पा पुष्कळ लोक गाळतात व जन्मभर अळणी जेवतात. तसे करू नये. महिनाभर कडक पथ्य करूनही तिळमात्र फरक पडला नाही, तर आपल्या दुखण्याचा आहाराशी संबंध नाही असे समजून पूर्ववत जेवू लागावे. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रीने विनाकारण पथ्य करीत राहणे अपायकारक आहे.

बद्धकोष्ठ असल्यास मूत्राशयाचे दुखणे हटकून वाढते, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. पालेभाजी, पपई व रात्री झोपताना इसबगोल ह्यांनी पोट साफ ठेवावे.

पाणी किती प्यावे

वारंवार लघवीस जावे लागते म्हणून रुग्ण पाणी तोडतात. ही मोठी चूक होय. पाणी कमी पडले की लघवी दाट होते व ती अधिकच झोंबते. शिवाय जंतुसंसर्गास व मुतखड्यास आमंत्रण मिळते. उलट एका बैठकीत तांब्याभर पाणी घटाघट पिणे हेही चूक, कारण मूत्राशय एकदम ताणले जाते. दर तासा-दीड तासाने अर्धा-एक पेला ह्या बेताने दिवसभर पाणी प्यावे. लघवीचा रंग फिका, वाळलेल्या कडब्यासारखा राहील इतके पाणी पुरेसे समजावे. उन्हात राबणाऱ्यास तीन लिटर किंवा त्याहून अधिकही लागते. सूर्यास्तानंतर प्रमाण कमी करावे म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.

विहिरीच्या पाण्याविषयी कुरकुंभच्या परिसरात विशेष विचारणा होते. औद्योगिक वसाहतीलगतच्या विहिरींचे पाणी दूषित झाल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी वेळोवेळी केल्या आहेत. ज्या पाण्यास रंग, वास अगर फेस आहे ते उकळून पिण्यायोग्य होत नाही. उकळण्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. पाणी आटल्यामुळे ती किंचित दाटच होतात. ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवावा व तोवर पिण्यास नळपाणी योजनेचे पाणी वापरावे. मात्र आपले दुखणे पाण्यामुळेच आहे असे परस्पर ठरवून लघवीची तपासणी लांबणीवर टाकू नये.

स्वयंपाकघरातील उपाय, त्यांचे गुण व मर्यादा

रात्री दोन चमचे धने पेलाभर पाण्यात भिजत घालून सकाळी गाळून ते पाणी घ्यावे, ही रीत घरोघरी ठाऊक आहे. वाळ्याच्या जुडीचे पाणी, सातूची म्हणजे जवाची पातळ पेज, भिजवलेला सब्जा हीही सौम्य पेये आहेत. ह्यांचा मुख्य गुण असा की, साधे पाणी ज्यांना पिववत नाही त्यांच्या पोटात त्या निमित्ताने पाणी जाते व लघवी पातळ होते. हा गुण लहान नव्हे. परंतु ह्याहून मोठा गुण त्यांना चिकटवू नये. शहाळ्याचे पाणीही चांगले, मात्र त्यात पोटॅशियम पुष्कळ असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते वर्ज्य करावे.

हुलग्याचे कढण मुतखड्यावर देण्याची चाल आहे. हुलगा पौष्टिक आहे व थंडीत कढण अवश्य घ्यावे. परंतु मूत्राशयात वाढलेला खडा त्याने विरघळत नाही. सराट्याच्या, म्हणजे गोखरूच्या, फळांचा काढाही असाच प्रसिद्ध आहे. आपल्या माळरानावर व बांधावर सराटा अनवाणी पायास भेटतोच, त्यामुळे तो फुकट मिळतो. आयुर्वेदात तो लघवी मोकळी करणारा म्हणून सांगितला आहे. पण विचार करावा : ज्यास आधीच वीस वेळा लघवीस जावे लागते, त्यास लघवी वाढविणारा काढा देऊन काय साधणार? रक्तदाबाच्या अथवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर हा काढा वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊच नये.

लिंबू-सरबताचा उल्लेख पूर्वी आलाच आहे. साध्या उन्हाळीत ते मीठ-साखर घालून घेतल्यास अंगातील पाणी भरून येते. जुनाट दुखण्यात मात्र पुष्कळांस ते आग वाढविणारे ठरते. अचानक आग उसळल्यास पेलाभर पाण्यात चहाचा पाव चमचा खाण्याचा सोडा विरघळवून एखादे वेळी घेता येतो. त्यात सोडियम असते. यास्तव रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी तो घेऊ नये, आणि इतरांनीही रोजची सवय लावू नये. कोरफडीचा गर काही जण घेतात. पात कापल्यावर निथळणारा पिवळा चीक पोटात गेल्यास जुलाब होतात, हे लक्षात ठेवावे. कलमी सोरा पाण्यातून पाजण्याचा जुना प्रघात मात्र सर्वस्वी टाकून द्यावा. तो घातक आहे.

शेक व विश्रांती

ह्या दुखण्यात शेकाइतका स्वस्त व निर्धोक उपाय दुसरा नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी, नाही तर तव्यावर तापवलेल्या वाळूचे पुरचुंडे कापडात गुंडाळून ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटे धरावे. त्वचा भाजणार नाही इतपतच ते गरम असावे. मधुमेह्यास पायाची व कातडीची जाणीव कमी असते, त्याने दुसऱ्याकडून ऊब तपासून घ्यावी. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा ती फुले वाळवून ठेवण्याची पद्धत आहे. ती पाण्यात शिजवून कोमट असताना ओटीपोटावर बांधतात. ऊब पुष्कळ वेळ टिकते व अपाय काही नाही. घमेल्यात किंवा रुंद टबात कोमट पाणी घेऊन त्यात कमरेपर्यंत बसल्यानेही आखडलेले स्नायू सैल होतात.

उताणे निजून दोन्ही गुडघे पोटाशी घ्यावेत व पोट फुगेल असा सावकाश श्वास दहा-बारा वेळा घ्यावा. बाळंतपणानंतर लघवी रोखण्यासाठी स्नायू आवळण्याचा जो व्यायाम शिकवितात, तो येथे करू नये. येथे स्नायू आधीच आवळलेले असतात. त्यांना सैल करावयाचे आहे.

दुखणे थोडे उतरल्यावर मूत्राशयास वळण लावता येते. तासाला जावे लागत असेल तर पहिल्या आठवड्यात तासावर दहा मिनिटे थांबावे, दुसऱ्या आठवड्यात आणखी दहा. हळूहळू दोन-अडीच तासांचे अंतर पडते. जंतुसंसर्ग असताना अथवा वेदना तीव्र असताना हा प्रयोग करू नये.

स्त्रियांची अडचण

वर सांगितलेले थांबणे हे दहा मिनिटांचे, आपखुशीचे आहे. शेतावर स्त्रियांना जे थांबावे लागते ते निराळेच आहे. रानात आडोसा नाही, मुकादम व गडीमाणसे आजूबाजूला. म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत व पाच-सहा तास लघवी दाबून ठेवतात. दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात बीड, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतून तोडणीसाठी येणाऱ्या कुटुंबांची स्थिती तर अधिक बिकट असते. कोपीला न्हाणी नाही, पहाटेपासून फडात काम व गाडी भरण्यास रात्री उठणे. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, पुन्हापुन्हा संसर्ग होतो आणि ओटीपोट सतत दुखू लागते.

ओटीपोट दुखते म्हटल्यावर दोष गर्भाशयाचा, असे समजण्याची प्रवृत्ती आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येने झाल्याचे उजेडात आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. त्यामागे कारणे अनेक होती. परंतु ज्या बाईचे दुखणे मूत्राशय भरले की वाढते व रिकामे झाले की उतरते, तिने गर्भाशय काढण्यास संमती देण्यापूर्वी लघवीची पूर्ण तपासणी व सरकारी रुग्णालयातील दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. दुखणारा अवयव मूत्राशय असेल तर गर्भाशय काढूनही दुखणे उरते.

शेतमालकाने ह्याबाबत पुष्कळ करण्यासारखे आहे. चार बांबू व गोणपाट ह्यांचा आडोसा उभारण्यास एका माणसास तासही लागत नाही. त्याच्याजवळ पाण्याची घागर ठेवावी. स्त्रियांच्या कामात दुपारपूर्वी एक व दुपारनंतर एक अशी उघड सुट्टी द्यावी, म्हणजे कोणास विचारण्याचा संकोच पडत नाही. गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तोडणीच्या टोळ्या उतरतात, त्याच वेळी ग्रामपंचायतीने त्यांच्या तळाजवळ तात्पुरत्या शौचालयांची सोय करावी. आशा कार्यकर्तीने तळावर जाऊन स्त्रियांशी स्त्रियांतच बोलावे. मुकादमासमोर विचारल्यास 'काही त्रास नाही' हेच उत्तर मिळते.

मोठ्या रुग्णालयात केव्हा जावे

दोन-तीन महिने पथ्य, पाणी, शेक ही सर्व नीट पाळूनही दुखणे उतरत नसेल, तर मूत्रविकारतज्ज्ञाकडे जावे. पुण्याच्या ससून सर्वोपचार रुग्णालयात अशी तपासणी होऊ शकते. तेथे दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहतात, व्रण असल्यास त्यावर उपचार करतात, काहींना रात्री घेण्याची गोळी देतात, तर काहींच्या मूत्राशयात नळीवाटे औषध सोडतात. जाताना जुने सर्व कागद, आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे व ठेवलेली नोंद बरोबर न्यावी. लाजेपोटी जे तोंडाने सांगता येत नाही ते त्या नोंदीवरून डॉक्टरांस कळते. हा कागद घरात हरवतो, म्हणून तो रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावा.